पितळी कासव आणि रिजेक्ट पीस

दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या कारखान्याच्या ऑफिसात त्रेचाळीस माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि मी त्यांच्या मधोमध गुडघ्यांवर होते. समोर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूची माळ. बाजूच्या खुर्चीत, म्हणजे माझ्याच खुर्चीत, यंत्रानंद महाराज मांडी घालून बसले होते. खुर्ची चाकांची. त्यामुळं बोलता बोलता महाराज जरा इकडं, जरा तिकडं घरंगळत होते आणि त्यांचा चेला त्यांना पुन्हा ओढून जागेवर आणत होता. कुणालाच हसू आलं नाही. मलाही आलं नाही, याची आता लाज वाटते.

"नाक घास, बाई," महाराज म्हणाले. "पूजेला बसलेल्या यंत्राला तू हात लावलास. सात वेळा नाक घास आणि सांग, मी चुकले."

मी नानासाहेबांकडं बघितलं. नानासाहेब म्हणजे आमचे मालक. वाळूजमध्ये त्यांचा गाड्यांचे सुटे भाग बनवायचा लहानसा कारखाना, आणि मी तिथं अकरा वर्षं तपासणीला. तयार पीस गेज लावून मोजायचे, बरोबर असेल तर पुढं पाठवायचा, चुकला तर लाल रंगाचा पट्टा मारून लाल पेटीत टाकायचा, आणि मापं कॉम्प्युटरच्या शीटमध्ये भरायची, एवढं माझं काम. नानासाहेबांनी तोंड उघडलं असतं तर मी उठून उभी राहिले असते. ते माळेकडं बघत राहिले.

मी नाक घासलं. फरशीला फिनेलचा वास येत होता. सरूबाई आमच्याकडं झाडलोट करते, तिनं मोठ्यानं एक ते सात मोजलं, नीट, एकही आकडा न चुकता. मागं कुणीतरी मोबाईल वर धरला होता, ते मला काचेत दिसलं.

मग चमत्कार झाला.

पाच दिवस त्या कॉम्प्युटरवर शीटचा प्रोग्राम उघडत नव्हता. टिचकी मारली की खिडकी यायची, क्षणभर दिसायची आणि बंद. बाकी सगळं ठीक, फक्त शीट नाही. महाराजांनी पिशवीतून एक पितळी कासव काढलं, मुठीएवढं, चांगलं जड. "हे कुठं ठेवायचं? तर किल्ल्यांच्या पाटीच्या नैऋत्य कोपऱ्यात. तिथं यंत्राचा मूळबंध असतो. शास्त्रात हाय." असं म्हणून त्यांनी कासव कीबोर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं. मॉनिटरवर स्वतःचं उपरणं टाकलं. एक हात उपरण्याखाली, दुसरा माउसवर, डोळे मिटलेले. "ॐ फाईलाय नमः. ॐ फोल्डराय नमः. ॐ हँगदोष निवारणाय नमः." आणि उपरणं ओढलं.

शीट उघडलेलं होतं. माझे सगळे रकाने, सगळी मापं जागच्या जागी.

"वर काय लिहिलंय ते वाचा रे कोणीतरी," महाराज म्हणाले.

"सेफ मोड," एका पोरानं इंग्रजीतलं वाचलं.

"सेफ. यंत्रानं सोता लिहून दिलं, मी सुरक्षित झालो म्हणून. अजून काय पुरावा पाहिजे?"

माणसांनी हात जोडले. दोघांनी लेथ मशीनपाशी जाऊन नारळ फोडला. महाराजांनी फर्मान काढलं. तीन महिने या बाईचा हात यंत्राला लागायचा नाही. रोज सकाळी चेला कासव घेऊन येईल, शीट उघडून देईल, आणि मग संध्याकाळपर्यंत ते बंद करायचं नाही. पुढच्या रविवारी बजाजनगरच्या मंगल कार्यालयात सामुदायिक यंत्रशांती, तिथं कायमचा बंदोबस्त.

मला त्याच दिवशी पॅकिंगला बसवलं. खोके दुमडायचे आणि चिकटपट्टी लावायची.

आता हा दोष मी केला कसा, ते सांगते. खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या मशिनी धुऊनपुसून, हळदकुंकू लावून पूजेला बसवतात. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असा रिवाज. त्यात वाईट काही नाही, वर्षभर राबणाऱ्या मशीनला एक दिवस विसावा मिळतो आणि माणसालाही. यंदा कुणाच्या तरी ओळखीनं नानासाहेबांनी यंत्रानंद महाराजांना बोलावलं होतं. महाराज म्हणाले, लोखंडाच्या मशिनी कुणीही पूजेल, मी कॉम्प्युटरची पूजा करतो. पण यंत्र जागं पाहिजे, झोपलेल्या यंत्राला पूजा लागू होत नाही. मग नानासाहेबांनी स्वतः पासवर्ड टाकून कॉम्प्युटर चालू करून दिला. "अकरा ते सव्वाअकरा आत कुणी यायचं नाही," असं सांगून महाराजांनी दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाहेर चपला काढून उभे.

दुपारी तीन वाजता मला नानासाहेबांचा फोन आला. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीला तपासणीचा रिपोर्ट चारच्या आत पाहिजे, नाहीतर सगळा माल दारातून परत. मी म्हणाले, "साहेब, कॉम्प्युटर पूजेला बसलाय." ते म्हणाले, "अगं पाच मिनिटांचं काम आहे, कुणाला कळतंय. पाठव." मी माळ बाजूला केली, शीटवर टिचकी मारली, आणि खिडकी आली आणि गेली. तेव्हापासून उघडेना.

माल परत आला. शुक्रवारी संभाजीनगरहून इंजिनिअर आला, त्यानं प्रोग्राम पुसून पुन्हा टाकला, तरी तेच. तो हार्ड डिस्क बदला म्हणाला आणि गेला. मग नानासाहेबांनी महाराजांना फोन लावला. महाराजांनी फोनवरूनच विचारलं, "पूजेनंतर पयला हात कुणाचा लागला?"

नानासाहेबांनी माझं नाव सांगितलं. फोन त्यांनी केला होता हे सांगितलं नाही. सोमवारी नाक घासायच्या आधी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना?" तर ते म्हणाले, "मी कशाला सांगीन खंडेनवमीला?"

महाराज परका माणूस. तो लुबाडायलाच आला होता. पण नानासाहेबांच्या लेकीच्या बाळंतपणात मी आठवडाभर डबे पोचवलेत. रात्रपाळीला तपासणीला माणूस नसला की लेकराला शेजारी ठेवून मी आलेय. खरं सांगते, त्या आठवड्यात मला न्याय वगैरे काही नको होता. मला सूड पाहिजे होता. खोके दुमडताना मी रोज ठरवायचे, या दोघांना त्याच फरशीवर आणायचं, तितक्याच माणसांसमोर.

मंगळवारी घरी गेले तर माझी मेघा दप्तर न काढताच बसली होती. दहावीला आहे. कारखान्यातल्या लोकांच्या ग्रुपवर माझा व्हिडिओ गेला होता, तिथून पुढं सरकत तो तिच्या वर्गात पोचला होता. तिनं मोबाईल पुढं केला. माझं तोंड खाली, सरूबाईचा आवाज, पाच, सहा, सात.

"आई, तू खरंच चुकलीस का गं?"

मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग घासलंस कशाला?" मी उठून पीठ मळायला घेतलं. भाकरी थापता थापता मी रडले आणि मग स्वतःचाच राग आला. म्हटलं, सुलेखा, तू अकरा वर्षं पीस तपासतेस. पीस डोळ्यांना कसा दिसतो ते तू कधी लिहिलं नाहीस, गेज लावून जे आलं तेच लिहिलंस. मग या भोंदूला गेज कधी लावणार?

तिथून डोकं चालायला लागलं. पहिली गोष्ट ध्यानात आली ती दिशेची. माझं टेबल पूर्वेकडं तोंड करून आहे. सकाळी ऊन डोळ्यात येतं म्हणून मी रोज पडदा ओढते. पूर्वेला तोंड केलं की डावा हात उत्तरेला आणि कीबोर्डची पोटाकडची कड पश्चिमेला. म्हणजे कीबोर्डचा खालचा डावा कोपरा नैऋत्य नव्हेच, तो वायव्य. महाराजांचं शास्त्र साफ चुकलं होतं. तरी चमत्कार झाला. म्हणजे दिशेचा काही संबंध नाही, कोपऱ्याचा आहे. आणि त्या कोपऱ्यात देव नसतो, तिथं एक बटण असतं.

बुधवारी सुट्टी झाल्यावर थेट शकीला मॅडमकडं गेले. बजाजनगरात त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे, एमएससीआयटीची परीक्षा मी त्यांच्याकडंच पास झालेली. त्यांनीही व्हिडिओ बघितला होता. मी दारात उभी राहिले आणि मला हुंदकाच फुटला.

"रोना बाद में," मॅडम म्हणाल्या. "पैले ये बता, उसके हाथ कहाँ थे?"

"हात?"

"हौ, हात. मंत्र ऐकायचा नसतो सुलेखा, हात बघायचे असतात. एक हात कुठं होता, दुसरा कुठं होता, काय काय ठेवलं, काय झाकलं. सगळं सांग."

मी कासव, कोपरा, उपरणं, सेफ मोड, सगळं सांगितलं. कासवाचं नाव घेतल्याबरोबर मॅडम खुर्चीला टेकून हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी मला एका कॉम्प्युटरसमोर बसवलं. "तो कोपऱ्यातला कंट्रोल दाब. दाबूनच ठेव. आता शीटवर टिचकी मार."

पडद्यावर एक छोटी चौकट आली. इंग्रजीत लिहिलं होतं, तुम्ही कंट्रोल बटण दाबून धरलंय, प्रोग्राम सेफ मोडमध्ये सुरू करायचा का? होय, नाही.

"होय म्हण," मॅडम म्हणाल्या. शीट उघडलं. वर लिहिलेलं होतं, सेफ मोड.

मग त्यांनी नीट समजावलं. हा प्रोग्राम सुरू होताना एका ठरलेल्या फोल्डरमध्ये डोकावतो आणि तिथं जी फाईल असेल ती आपोआप उघडतो. सोयीसाठी केलेलं आहे ते. पण त्या फोल्डरात कुणी बिघडवणारी फाईल ठेवली, तर प्रोग्राम सुरू झाल्या झाल्या तोंडावर पडतो. कंट्रोल दाबलं की तो त्या फोल्डरकडं बघतच नाही, म्हणून नीट उघडतो. आणि प्रोग्राम पुसून नवा टाकला तरी ते फोल्डर तसंच राहतं.

"म्हणून इंजिनिअरला जमलं नाही?"

"त्यानं शोधलंच नाही. नवं टाकलं आणि गेला. आता सवाल हा आहे, की ती फाईल तिथं ठेवली कुणी?"

मला पंधरा मिनिटं बंद असलेलं दार आठवलं.

कॉम्प्युटरला हात लावायची मला मनाई होती, पण कय्युमभाईंना नव्हती. ते आमचे इलेक्ट्रिशियन. सोमवारी ते गर्दीत नव्हते, मीटरपाशी काम काढून मुद्दाम बाहेर थांबले होते, एवढं मी बघितलं होतं. गुरुवारी मी त्यांना मॅडमनी सांगितलेला फोल्डरचा पत्ता कागदावर लिहून दिला. जेवणाच्या सुट्टीत ते यूपीएस तपासायला म्हणून ऑफिसात गेले आणि मोबाईलवर फोटो काढून आणला. फोल्डरात एकच फाईल. नाव, शुभलाभ. जन्मवेळ, खंडेनवमी, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटं.

"पुसून टाकू का, ताई? आत्ताच टाकतो," कय्युमभाई म्हणाले.

"नका. राहू द्या तशीच. रविवारपर्यंत तिला धक्का लावू नका."

शनिवारी नानासाहेबांनी बोलावलं. "उद्या तुला सोहळ्याला यायचंय. महाराज म्हणाले, दोष करणारं माणूस स्टेजवर दिसलं पाहिजे, लोकांना धडा मिळतो. फूल वाहायचं आणि बाजूला उभं राहायचं."

"व्हय साहेब, येते," मी म्हणाले. त्यांना वाटलं मी हट्ट करीन. जाताना लाल पेटीपाशी थांबले आणि एक रिजेक्ट पीस उचलला. लोखंडी, मुठीत मावणारा, वर मी स्वतः मारलेला लाल पट्टा. गेटवर तो दाखवून रजिस्टरमध्ये रीतसर नोंद केली आणि पर्समध्ये टाकला.

रविवारी मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या कारखान्यांचे मालक, त्यांच्या बायका, कामगार. लांब टेबलावर एकोणीस लॅपटॉप ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. स्टेजवर आमचा कॉम्प्युटर, पुन्हा माळ घातलेला. मागं मोठा पडदा, चमत्कार शेवटच्या रांगेलाही दिसावा म्हणून. मेघा शकीला मॅडमशेजारी बसली होती. तिला मीच आणलं होतं.

महाराजांनी सुरुवात केली. "आजकाल माणसाला व्हायरस होतो, यंत्राला व्हायरस होतो. का? कारण दोघांचा आत्मा एकच. तुमची रॅम काय आहे? ते रामाचंच नाव हाय, गोऱ्यांनी उच्चार बिघडवला. आणि विंडो म्हंजे गवाक्ष. गवाक्षातून काय येतं? वारा येतो तशी बाधाबी येते." लोक माना डोलवत होते. पुढच्या रांगेत साहेबराव होते, आमच्या शेजारच्या, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपचे मालक, ते तर वहीत लिहून घेत होते.

"आता ही बाई," महाराजांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनं पूजेतल्या यंत्राला हात लावला. नाक घासून शुद्ध झाली. वाहा बाई फूल."

मी फूल वाहिलं. कासव अजून त्यांच्या पिशवीत होतं. मोठ्या पडद्यावर आमच्या कॉम्प्युटरचं चित्र दिसत होतं, महाराज उपरणं टाकणार आणि पडदा बंद करायला सांगणार, त्याच्या आधीचा तो क्षण. मी पर्समधून रिजेक्ट पीस काढला आणि कीबोर्डच्या कोपऱ्यावर ठेवला. मग शीटवर टिचकी मारली.

पडद्यावर चौकट आली. मी माईक उचलला. "इंग्रजीत आहे, मराठीत सांगते. कॉम्प्युटर म्हणतोय, तुम्ही कंट्रोल बटण दाबलंय, सेफ मोडमध्ये सुरू करू का? महाराज ही चौकट उपरण्याखाली झाकतात. मी उघडी ठेवली." होय दाबलं. शीट उघडलं.

कार्यालयात कुजबुज सुरू झाली. महाराज गडी पक्का. ते हसले. "बघितलं? माझा आशीर्वाद हिच्या हातालाबी लागला."

"बरं. मग आता बिनआशीर्वादाचं बघू." मी शीट बंद केलं, पीस उचलला, पुन्हा टिचकी मारली. खिडकी आली आणि गेली. पीस ठेवला, शीट उघडलं. पीस उचलला, शीट पडलं. मी हे तीन वेळा केलं, कारण तपासणीत तीन वाचनं घ्यायची असतात. "महाराज, हा भंगारातला पीस आहे. माप चुकलं म्हणून मीच याला लाल पट्टा मारला. याला ना पूजा, ना मंत्र, ना दिशा. तुमचं कासव जे करतं ते हा पण करतो. दोघांच्यात फरक काय, तर तुमचं पितळेचं आहे."

मागून कुणीतरी हसलं. त्या हॉलमधलं ते पहिलं हसू होतं, आणि मला ते फार गोड लागलं.

"बाई, तोंड सांभाळ," महाराज म्हणाले. "बाधा तर खरी होती ना? शीट बंद पडत होतं ना?"

"पडत होतं. आता ते का, ते बघू." मी फोल्डर उघडलं. पडद्यावर एकच फाईल. "नाव शुभलाभ. जन्म खंडेनवमीचा, अकरा वाजून बारा मिनिटं. त्या वेळी ऑफिसचं दार आतून बंद होतं. आम्ही त्रेचाळीस जण बाहेर अनवाणी उभे होतो. आत एकच माणूस होता." मी ती फाईल तिथून उचलून बाजूला ठेवली, टिचकी मारली. शीट उघडलं, पीस नाही, कासव नाही, आणि वर सेफ मोड हे शब्दही नाहीत. फाईल परत जागेवर ठेवली. शीट पडलं.

मग मी म्हणाले, "आता तुम्ही आपापले लॅपटॉप बघा. शकीला मॅडम फोल्डर कसं उघडायचं ते सांगतील."

मॅडम उठल्या आणि क्लासमध्ये शिकवतात तसं एकेक पायरी सांगत गेल्या. पाच मिनिटं नुसती बटणांची टकटक चालली. मग साहेबराव उभे राहिले. "माझ्यात हाय. शुभलाभ. गणपती बसले त्या दिवशीची." त्या दिवशी महाराजांनी त्यांच्याकडं पूजा केली होती. दुसरा उठला, त्याच्यात महाराजांनी त्याच्याकडं केलेल्या वास्तुशांतीची तारीख. एकोणीसपैकी अकरा लॅपटॉपमध्ये ती फाईल निघाली. उरलेल्या आठांची पूजा अजून झाली नव्हती, ती आज होणार होती.

महाराजांनी पिशवी काखेत मारली आणि चपला शोधायला लागले. दारात कय्युमभाई उभे होते. "कासव ठेवून जा महाराज. पंचनाम्याला लागंल. और आप भी रुको जरा, मी फोन केलाय, पोलीस निघालेत."

मग लोकांना कंठ फुटला. "घासायला लावा त्याला नाक." "सात नाय, सत्तर वेळा." सगळ्यात मोठा आवाज सरूबाईचा होता. दोघांनी महाराजांना धरून माझ्यासमोर आणलं, खांदे दाबून गुडघ्यांवर बसवलं. त्यांच्या कपाळावरचं गंध घामानं नाकापर्यंत आलं होतं. आठवडाभर मी हेच मागत होते. मी त्यांच्याकडं पोटभर बघून घेतलं, खोटं कशाला बोलू.

"उठवा त्याला," मी म्हणाले.

"असं कसं ताई, सोडायचं काय?"

"सोडायचं नाय. नाक घासलं की हा सुटला. नाक पुसंल, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात दुसरं कासव काढंल. याची रीतसर लेखी तक्रार होणार. जादूटोण्याच्या विरोधात कायदा आहे आपल्याकडं, आणि कॉम्प्युटर बिघडवायलाही कायदा आहे. कलमं कुठली ते पोलीस बघतील. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये फाईल निघाली त्या अकरा जणांनी सह्या करायच्या. आज, इथंच."

साहेबरावांनी वहीतलं पान फाडलं आणि पहिली सही केली.

मग मी नानासाहेबांकडं वळले. ते पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते. "साहेब, तुमची सही शेवटी. आधी एक गोष्ट राहिलीय. खंडेनवमीला दुपारी तीन वाजता मला फोन कुणी केला होता?"

"सुलेखा, हे आपण ऑफिसात बोलू."

"माझं नाक ऑफिसात घासलं, ते सगळ्या वाळूजनं बघितलं. हे इथंच बोलायचं."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. ओळखीच्या प्रत्येक माणसाचं तोंड त्यांच्याकडं होतं. ते पुटपुटले, "मीच सांगितलं होतं."

मी माईक त्यांच्या हातात दिला. "मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

नानासाहेब उभे राहिले. माईक खरखरला. "मीच फोन केला होता. रिपोर्ट पाठव म्हणून मीच सांगितलं होतं. तिची चूक नव्हती." एवढं बोलून ते खाली बसले आणि सही केली.

पोलिसांनी पुढं शोधलं तेव्हा कळलं, यंत्रानंदाचं नाव मोतीराम. पैठणला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, ते चाललं नाही. बिघाड दुरुस्त करून पोट भरेना, तेव्हा त्यानं बिघाड करायला सुरुवात केली. हुशार माणूस होता, तीच हुशारी सरळ वापरली असती तर आज लोकांनी त्याला नमस्कार नाही, पण चहा तरी दिला असता.

सोमवारी मी माझ्या खुर्चीत बसले. नानासाहेब दारात येऊन म्हणाले, "झालं गेलं विसरून जा." मी म्हणाले, "नाय विसरणार साहेब. काम करीन, आणि लक्षातबी ठेवीन." सरूबाईनं दोनदा चहा आणून ठेवला. मी प्याले, पण तिच्याशी अजून नीट बोलत नाही. ती एक ते सात मोजत होती तेव्हा तिला दिसत होतं, मी कुठं आहे ते.

माफी हा माझा प्रांत नाही. मी तपासणीतली बाई आहे, आणि एवढंच सांगू शकते. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी तपासा. काय झाकलंय ते उघडा. जे ठेवलंय ते उचलून बघा, त्याच्या जागी भंगार ठेवून बघा. दार बंद करून कुणी काही करत असेल तर दार उघडं ठेवायला सांगा. खरं असेल तर उघड्या दारानं त्याचं काही बिघडत नाही. आणि यंत्र बंद पडलं तर आधी कारण शोधा, बाई शोधू नका.

कय्युमभाईंनी नानासाहेबांचं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं. रविवारी संध्याकाळीच मी ते कारखान्याच्या त्याच ग्रुपवर टाकलं, जिथून माझं नाक गावभर गेलं होतं. खाली एक शब्द लिहिला नाही. मेघानं तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि तिच्या वर्गाच्या ग्रुपवर पाठवला. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, ते कंट्रोलचं बटण कुठलं गं?"

मी तिला दाखवलं.